ब्रेकचे दिवस

दरवर्षी एजन्सी भिमाला ब्रेक द्यायची, आणि दरवर्षी त्या ब्रेकमध्ये त्याचा खोकला थांबायचा.

हे त्याच्या बायकोच्या, सीमाच्या लक्षात यायला काही वर्षं गेली. ब्रेक म्हणजे सुट्टी नव्हे. कुरकुंभच्या कंपनीत एजन्सीमार्फत लागलेल्या माणसाचं काम कागदावर सलग दिसू नये म्हणून त्याला मधेच काही दिवस घरी बसवायचं, गेटपास काढून घ्यायचा आणि नव्या तारखेचा पास देऊन पुन्हा आत घ्यायचं, अशी ती रीत होती. त्या दिवसांचा पगार नसायचा, म्हणून घरातले सगळे ब्रेकला भ्यायचे. भिमा लोकांच्या उसाला पाणी द्यायला जायचा, कांदे भरायला जायचा. पण चार-सहा दिवस गेले की तो एकाच उशीवर सरळ झोपायला लागायचा. जेवताना म्हणायचा, "आज भाकर गोड लागतीया."

एरवी त्याला सगळंच कडू लागे. तो ड्रायरवर होता. औषधाच्या गोळ्यांसाठीची ओली पावडर ट्रेमध्ये सुकवायची, सुकली की खरवडून काढायची, चाळायची आणि ड्रममध्ये भरायची. पावडर पिवळसर, पिठाहून बारीक आणि विलक्षण कडू. दोनदा साबण लावला तरी ती नखांत राहायची, मिशीत राहायची. लेक सायली लहान असताना बापाचा पापा घेऊन तोंड वाकडं करायची. "पप्पा, तुमी कडू लागता." त्याचे कपडे सीमा वेगळ्या बादलीत भिजवायची. पाणी ताकासारखं व्हायचं.

या वर्षीचा ब्रेक फाल्गुनात झाला. भिमा कामावर परतला आणि आठवड्याभरात दुसरी उशी पुन्हा अंथरुणावर आली.

वैशाख तोंडावर होता. जयंतीच्या निळ्या पताका अजून गल्लीत होत्या, उन्हानं त्यांचा रंग उडत चालला होता. एका रविवारी दुपार कलल्यावर शंकरराव दारात आले. शंकरराव भिमाच्याच प्लँटला ऑपरेटर होते, पण पर्मनंट. एमआयडीसीत जमिनी गेल्या तेव्हा त्यांचीही थोडी गेली होती, आणि त्या बदल्यात नोकरी मिळाली होती. उरलेल्या रानात त्यांचा ऊस होता. ब्रेकमध्ये भिमा त्यालाही पाणी द्यायचा.

"भिमा हाय का?"

"या आप्पा, बसा," म्हणत भिमानं बाजेवरचं धुणं उचललं. तो गाडीचा प्लग साफ करत बसला होता. हात त्यानं पायजम्याला पुसले.

"चहा टाकू का आप्पा?" सीमानं विचारलं.

"नको. शुगर हाय मला." शंकरराव नेहमी हेच म्हणत. ते बाजेच्या कडेला बसले. "म्हैनाअखेर मी सुटतोय. माझ्या जागी एक पर्मनंट भरनारेत. एजन्सीतलाच मानूस घ्या म्हनून युनियननं लावून धरलंय. तुझं नाव सांगितलंय मी."

प्लग भिमाच्या हातात तसाच होता.

"खरं का आप्पा?" शेवटी तो म्हणाला.

"मग काय खोटं? ड्रायर तूच चालवलास इतकी वर्षं. मी निस्ता भाईर पॅनेलपाशी बसून सह्या केल्या." हे ते अगदी सहज बोलले, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट बोलावी तसे. "पन एक सांगतो, पर्मनंट म्हंजी सगळंच ग्वाड न्हाई. माझ्या कांद्याच्या काढनीला मी कवा रानात न्हवतो. भावकीत मयत झाली तरी शिफ्ट करून मातीला गेलोय. तुमचं बरंय. नको वाटलं, पास टाकला, निघाला."

"निघून जायचं कुठं आप्पा?" ताईबाई उंबऱ्यातनं बोलली. ती भिमाची आई. दिसायला कमी झालं होतं, बोलायला नव्हतं. "तुमाला रान तरी हाय. आमची जमीनच नव्हती, तर जानार काय आन् नोकरी मिळनार काय."

"तेबी खरंच हाय," शंकरराव हसले. "पन सुख हाय म्हातारे त्यात. माझा पाय मोडला तवा घरी बसून पगार घेतला. साहेब फळं घेऊन आलता बघायला."

"आमच्या भिमाचा हात भाजला तवाबी आलता की. दुसरा मानूस घेऊन."

शंकररावांनी मान खाली घालून हसू दाबलं. मग उठताना म्हणाले, "एक मेडिकल करत्यात. दौंडला. डोळं, कान, छाती. नळीत फुंकायला लावत्यात. आमाला दरसाल करत्यात, काई नसतं त्यात."

ते गेल्यावर ताईबाई म्हणाली, "बिनसाखरेचा केला असता तरी नकोच म्हनला असता."

"आई, नाव घातलंय त्यांनी माझं."

"घातलंय तर चांगलंच हाय. टोपी कंची देत्यात पर्मनंटला?"

"हेल्मेट. निळं."

"मग आपलीच हाय की," ताईबाई म्हणाली. एजन्सीवाल्यांचं हेल्मेट पिवळं होतं आणि ते गाडीच्या हँडलला लटकत होतं.

सीमा सूप घेऊन बाजरी पाखडत होती. छाती हा शब्द तिच्या कानात राहिला होता. बाकी सगळं तिनं ऐकलं, पण त्या शब्दाच्या पलीकडूनच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाकरी थापताना चुलीतला जाळ बसला. सीमानं फुंकणी उचलली, तर भिमा म्हणाला, "आन हिकडं." तो पाटावर बसला, नळी तोंडाला लावली आणि फुंकर मारली. राख थोडी उडाली. निखारे लाल झाले आणि पुन्हा काळवंडले. जाळ आला नाही. भिमानं परत श्वास घेतला, पण फुंकायच्या आधीच त्याला ढास लागली. तो वाकून खोकत राहिला, फुंकणी हातातच होती.

"सराव पायजे," तो सावरल्यावर म्हणाला. "रोज फुंकलं की छाती हुईल मोकळी. पैलवान जोर काढतो तसंच की."

"आन हिकडं," ताईबाईनं फुंकणी घेतली, एकच लांब फुंकर घातली आणि जाळ तव्याच्या कडेपर्यंत आला. "म्हातारीला घे म्हनावं पर्मनंट."

भिमाही हसला. पण त्या दिवसापासून तो खरंच रोज फुंकायला बसू लागला. सकाळी अंघोळीच्या पाण्याची चूल, संध्याकाळी भाकरीची. डोळे लाल व्हायचे, गळ्याच्या शिरा ताठायच्या. तंबाखूची पुडी त्यानं ओढ्यात टाकली. मांडवगण फराट्याहून सीमाचा भाऊ रोहन आला होता. तो रांजणगावला पर्मनंट, कंपनीच्या बसनं ये-जा करणारा. तो म्हणाला, "दाजी, आमच्यात एकानं मेडिकलच्या आधी आल्याचा रस घेतला व्हता." मग आल्याचा रस सुरू झाला. सीमा मधाची बाटली आणायला कुरकुंभला चालत गेली.

ती रोज बघत होती. जाळ पहिल्या दिवशी जेवढा यायचा तेवढाच पंधरवड्यानंतरही येत होता. तिनं ते सांगितलं नाही. उलट एकदा तिनं आधीच आत वाळल्या तुऱ्हाट्या सरकवून ठेवल्या. जाळ भक्कन आला. भिमानं वर बघितलं, त्याचा चेहरा उजळला होता.

"आला का न्हाई?"

"आला की."

तपासणीच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला रविराज आला. रविराज एजन्सीचा सुपरवायझर. भिमापेक्षा वयानं बराच लहान, पण भिमाला अरे-तुरे करायचा, आणि भिमा त्याला साहेब म्हणायचा. तो गाडीवरून उतरला नाही. एक पाय जमिनीला टेकवून बोलला.

"उद्या डॉक्टर इचारनार, डिपार्टमेंट कुठलं. ड्रायर सांगू नको."

"मग?"

"लोडिंग सांग. ड्रायर म्हनलं की ती लोकं छातीतच खुसपट काढत्यात. लोडिंग म्हंजी मोकळी हवा."

"पन साहेब, मी तर ड्रायरलाच..."

"कागदावर तू हेल्पर हायेस. हेल्पर कुठंबी असतो. तुझ्या चांगल्याचं सांगतोय, बघ बाबा."

तो गेला. सीमाला त्यात वावगं वाटलं नाही. मुलगी दाखवायला बसवतात तेव्हा तिच्या जुन्या दुखण्याचं कुणी बोलत नाही, तसंच हे. तिनं भिमाचा लग्नातला पांढरा शर्ट काढला, तो पोटाला आता सैल होत होता. घड्या पडलेल्या जागी पाण्याचा हात फिरवून तिनं तो दोरीवर टाकला.

दौंडला जाताना हायवेवर झळा मारत होत्या. मागं बसलेल्या सीमाचा हात भिमाच्या बरगड्यांवर होता. गाडीच्या आवाजात कानाला ऐकू येत नव्हती, पण तळहाताला त्याच्या छातीतली घरघर लागत होती, कढत्या पातेल्यावरच्या झाकणासारखी.

तपासणीच्या खोलीचं दार उकाड्यामुळं अर्धं उघडं होतं. सीमा बाहेरच्या बाकावर बसली. आत मशिनपाशी एक तरुण मुलगी होती. तिनं भिमाच्या नाकाला चिमटा लावला आणि पुठ्ठ्याची नळी हातात दिली.

"काका, ओठ घट्ट धरा. मोठा श्वास घ्या. आता जोरात फुंका. फुंका, फुंका, फुंका, सोडू नका."

फुंकर मधेच तुटली. खोकला सुरू झाला.

"पाणी प्या काका. पुन्हा करू."

दुसरी फुंकर तुटली, तिसरीही. दारातून सीमाला भिमाची पाठ दिसत होती. पांढरा शर्ट मणक्याला चिकटला होता. मुलगी पडद्याकडं बघत होती. मग ती आतल्या दारातून डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर शांत होते, घाईत नव्हते. त्यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं.

"बिडी-सिगारेट?"

"न्हाई साहेब."

"कधीच नाही?"

"कवाच न्हाई. तंबाखू व्हती, तीबी सोडली."

"कंपनीत काम काय करता?"

सीमानं पदर मुठीत धरला. पंख्याचा आवाज येत होता.

"लोडिंगला असतो साहेब. भाईर."

"पावडर, धूळ, सॉल्व्हंटचा वास, असं काही?"

"न्हाई. मोकळी हवा असती."

"मग हे कशानं?" डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. ते दारापर्यंत आले. "ताई, तुम्ही यांच्या मिसेस ना? घरी स्वयंपाक कशावर करता?"

सीमा उठून उभी राहिली. "गॅस हाय. पन भाकरी चुलीवर."

"हे जवळ बसतात चुलीच्या?"

"बसत्यात." तिला थांबता आलं नाही. "आता रोज फुंकतबी व्हते."

डॉक्टरांच्या कपाळावरची आठी गेली. अडलेल्या गणिताचं उत्तर जुळावं तसा त्यांचा चेहरा झाला. "असं होय," ते म्हणाले आणि टेबलाशी जाऊन लिहायला लागले.

सीमा उभीच होती. ब्रेकमध्ये खोकला थांबतो, हे तिच्या जिभेवर आलं होतं. त्या दिवसांतही चूल पेटते, धूरही तेवढाच असतो, मग तेव्हा तो एका उशीवर कसा झोपतो, हेही आलं होतं. एवढं बोललं की झालं असतं. पण बोललं असतं तर भिमा खोटा पडला असता, डॉक्टरसमोर, त्या मुलीसमोर. आणि खोटा पडलेल्या माणसाला पर्मनंट कोण करणार? तिनं जीभ टाळ्याला लावून धरली. भिमा मागं वळून तिच्याकडंच बघत होता. त्याच्या नाकावर चिमट्याचा वळ उठला होता.

"चूल बंद करा ताई," डॉक्टर म्हणाले. "हे फार दिवसांचं आहे. इथं सही करा हो." भिमानं सही केली.

गाडीपाशी आल्यावर त्यानं विचारलं, "बरंच झालं असंल न्हवं?"

"झालं असंल," सीमा म्हणाली.

निकाल रविराजनं फोनवर सांगितला. अनफिट. जागेवर सत्यजीत नावाचा पोरगा घेतला. तोही एजन्सीतलाच, पण कालपरवा आलेला, छाती कोरी असलेला. "नाराज होऊ नको," रविराज म्हणाला, "सोमवारपास्नं ये आपला रोजच्यासारखा. एजन्सीला मेडिकल लागत न्हाई."

भिमा फोन ठेवून थोडा वेळ अंगणात उभा राहिला. मग त्यानं कोपऱ्यातलं खोरं घेतलं आणि चुलीपाशी आला.

"काय करतुयास?" ताईबाईला आवाजावरून कळलं.

"डॉक्टर म्हनला चुलीनं झालंय."

"माझ्या सासूनं घातलेली चूल हाय ती. आख्खा जनम मी फुंकतीया. माझ्या छातीला काय झालं?"

"तुला न्हाई झालं, मला झालं."

"आरं लेकरा, चुलीनं न्हाई..."

"डॉक्टर शिकल्याला हाय का तू?"

त्यानं खोरं घातलं. जुनी माती ढेकळांनी सुटली, आतून काळी, वरून सारवलेली. सीमा भिंतीला टेकून बघत होती. तो मन लावून चूल खणत होता, जशी एखादी विषारी मुळी खणून काढावी. खोटं त्यानंच सांगितलं होतं, आणि आता त्या खोट्यावर विश्वास ठेवणाराही तोच होता. तिनं त्याला थांबवलं नाही. चूल मोडता येत होती. ड्रायरवर सोमवारी जायचं होतं.

माती त्यानं घमेल्यात भरून उकिरड्यावर टाकली. फुंकणी राहिली. ताईबाईनं ती चाचपडत उचलली आणि आपल्या अंथरुणाशेजारी ठेवली.

शंकरराव सुटले त्याच्या दुसऱ्या दिवशी आले. सत्काराचा हार त्यांच्या गाडीला तसाच होता. ते बाजेवर बसले. भिमाच आधी बोलला.

"आप्पा, पावडरनं झालंय म्हनून अर्ज दिला तर?"

"कसा देनार? लोडिंगला हाय म्हनून तूच सांगितलंस. खाली सही हाय तुझी."

"तुमी सांगा की, मी ड्रायरला व्हतो म्हनून."

शंकरराव हाताच्या रेषा बघत राहिले. "मी आता रिटायर मानूस. आन् सह्या माझ्याच हायेत रं, रोजच्या. ड्रायरवर शंकरराव."

मग सीमा म्हणाली, "आप्पा, तुमची छाती दरसाल चांगली निघायची."

"व्हय."

"ह्यांच्या जीवावर निघायची."

ती हे चढ्या आवाजात बोलली नाही. पाणी भरलं आहे, एवढं सांगावं तशी बोलली. शंकररावांनी मान वर केली नाही. तसेच ते म्हणाले, "थोडा चहा टाक, सीमा."

तिनं गॅसवर चहा ठेवला आणि साखर घातली, नेहमीएवढी. त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप स्वतः उचलून मोरीपाशी ठेवला आणि गेले.

पाऊस सुरू झाला. भाकरी आता गॅसवर व्हायच्या. ताईबाईला त्या चवीला लागत नव्हत्या, पण ती खायची. अंगणात चुलीच्या जागी माती बसून खळगा झाला होता, त्यात पाणी साचायचं. भिमा शिफ्टला जायचा. बाहेर पॅनेलपाशी आता निळं हेल्मेट घालून सत्यजीत बसायचा आणि त्याला 'भिमा काका' म्हणून आत पाठवायचा. चुलीचा धूर आता उरला नव्हता. खोकला होता तेवढाच होता, कदाचित वाढला होता. अंथरुणावर आता तीन उशा लागत. भिमा म्हणायचा, "जुना धूर हाय, निघायला टाइम लागनार."

सीमा एकाच गोष्टीची वाट बघत होती. ज्या दिवसांना घर इतकी वर्षं भीत आलं, ते ब्रेकचे दिवस. दिवाळीनंतर येतील, नाही तर फाल्गुनात नक्की येतील. पगार नसला तर नसू दे. ती खुरपायला जाईल, पोरीला घेऊन कांदे निवडायला जाईल. तो एका उशीवर झोपेल. भाकर गोड लागतीया, म्हणेल. आणि मग ती त्याला सगळं सांगणार होती, उशांचं, चुलीचं, त्या तुऱ्हाट्यांचंही. पुन्हा आत जाऊ नका, असं म्हणणार होती. खोकला थांबलेल्या माणसालाच ते पटलं असतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी भिमा शिफ्ट करून आला तो हातात पेढ्यांची पुडी घेऊनच. पाऊस उघडला होता. गाडी लावताना तो खोकत होता आणि हसत होता.

"आई, हात कर." त्यानं ताईबाईच्या तळहातावर पेढा ठेवला. "रविराज साहेबानं शब्द दिला. म्हनला, तुझ्यावर अन्याय झाला भिमा, तेची भरपाई म्हनून तुला इथनं म्होरं ब्रेक न्हाई. कागद फिरवतो म्हनला, ह्या एजन्सीवरनं त्या एजन्सीवर. तू आपला सलग ये."

"म्हंजी खाडा न्हाई?" ताईबाईनं विचारलं.

"एक दिस न्हाई. पर्मनंटसारखंच झालं की."

"चांगला हाय म्हनायचा पोरगा," ताईबाई म्हणाली आणि पेढा तोंडात टाकला.

सीमा कपड्यांच्या बादलीपाशी बसली होती. भिमानं तिच्यापुढं पुडी धरली. ओले हात दाखवून तिनं तोंड उघडलं, तेव्हा त्यानं आपल्या हातानं पेढा भरवला. त्याच्या बोटांची कडू चव आधी आली, मग साखरेची.

"ग्वाड हाय ना?" त्यानं विचारलं. "मला तर आज कायच कळंना."

"ग्वाड हाय," सीमा म्हणाली.

तिनं त्याचा शर्ट बादलीत दाबला. पाणी ताकासारखं झालं. हात तसेच पाण्यात ठेवून ती थोडा वेळ बसली, आणि मग शर्ट चोळायला लागली.